पाच हजार दक्षिणी गाण्यांचा डबा: भजनीबुवाच्या कानाने

नवी चाल कुठून उचलली हे भजनीबुवा सहसा सांगत नाही. मीही सगळं सांगणार नाही, पण या डब्यातून बरंच उचललंय एवढं मान्य. मंडळातल्या पोरांनी ‘घ्यावा की नको ते एकदा लिहूनच टाका’ म्हणून लकडा लावला, म्हणून हे लिहितोय.

डबा म्हणजे गाणी आधीच भरून येणारा स्पीकर. हिंदी-मराठीचे असे डबे कणकवलीच्या बाजारात सहज मिळतात. कितीतरी घरांत आजोबांच्या उशाशी एक असतोच. मी घेतला तो दक्षिणेचा. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, चारही भाषा एकात. दुकानात शिल्लक नव्हता, मागवून घ्यावा लागला. 6,500 रुपये पडले. खोक्यावर पाच हजार गाणी असं छापलंय, मोजत कोण बसतो? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे डबे काढणारे एकटेदुकटे नाहीत, आणि मी जे बोलणार आहे ते थोडंफार सगळ्यांनाच लागू आहे.

कशाला घेतला, ते आधी सांगतो. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, बसलात आणि अभंगाला ओळखीच्या हिंदी गाण्याची चाल लावलीत, की दुसऱ्या कडव्यापर्यंत मंडपातली पोरं मूळ गाणंच गुणगुणायला लागतात. समोरचा बुवा नेमका तिथेच तुम्हाला धरतो. दक्षिणेच्या जुन्या चालींना ही भीती नाही. नवे तेलुगू चित्रपट आता हिंदीत डब होऊन येतात, त्यांची गाणी पोरांना माझ्याआधी पाठ असतात. पण 1960 ते 1985 मधलं काही उचललं तर सिंधुदुर्गात कुणाला पत्ता लागत नाही.

डब्याच्या समोर एक मोठी गोल खुंटी आहे, ती फिरवली की कलाकार बदलतात. खाली बटणांची रांग. त्यातली दोन ठळक: ‘भक्ती’ आणि ‘चित्रपट’. माझी मोठी तक्रार या दोन बटणांबद्दलच आहे. यंत्र बिघडलंय असं नव्हे, वाटणी करणाऱ्याची समजूत बिघडली आहे. भक्तीगीत आणि सिनेमाचं गाणं यांच्यामधली भिंत आपल्याकडेही फार जाड नाही. दक्षिणेत तर ती शोधूनही सापडत नाही, आणि यांनी नेमकी तिथेच बांधली.

‘भक्ती’ दाबलं आणि पहिलं काय लागलं, तर ‘हरिवरासनम्’. शबरीमलाला रात्री गाभारा बंद करताना लावतात ते. स्तोत्र आधीचं आहे, पण येसुदासांच्या आवाजातली जी चाल सगळ्यांच्या कानात आहे ती जी. देवराजन यांनी बांधली, 1975च्या ‘स्वामी अय्यप्पन’ या मल्याळम चित्रपटासाठी. म्हणजे बघा, संगीतकार नास्तिक म्हणून प्रसिद्ध, गायक फोर्ट कोचीच्या ख्रिस्ती घरातला, चाल सिनेमाची, आणि त्यावर देव झोपतो. आता हे कुठल्या बटणाखाली टाकाल?

राग मध्यमावती. आपल्या मधमाद सारंगाचेच सूर, सा रे म प नि. चाल एवढी सरळ आणि एवढी भरलेली, की कोरसला फार घोटवून घ्यावी लागत नाही. हायवेला टायरचं दुकान चालवणारा आमचा केरळचा शेजारी दरवर्षी 41 दिवसांचं व्रत धरतो, काळं नेसतो, मग डोंगर चढायला जातो. त्याने मला शब्द नागरीत उतरवून घ्यायला मदत केली. मी त्याच चालीत ज्ञानोबांचा एक अभंग म्हणून दाखवला तेव्हा तो हात जोडून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “बुवा, अच्छा है, लेकिन थोडा धीरे. भगवान को नींद आनी चाहिए.” खरं होतं. आमची लय नेहमीच पळते.

दुसरं उदाहरण त्याहून झणझणीत. ‘चित्रपट’ दाबलं की एल. आर. ईश्वरी क्लबमधल्या नाचाची गाणी म्हणते. आवाजात हिसका, मधेच हसणं, मधेच उसासा. ‘भक्ती’ दाबलं की तीच ईश्वरी अम्मनला हाका मारते. तमिळनाडूत आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या आसपास, देवीच्या देवळांबाहेर कर्ण्यांवरून हिचीच गाणी वाजतात. आवाज बदललेला नाही हं. हिसका तोच. फक्त क्लबमधली बाई गेली आणि आमच्याकडे शिमग्यात अवसार येतो, अंगात देव येतो, तशी अवसार आलेली बाई समोर उभी राहिली. मी दोन्ही गाणी लागोपाठ ऐकवायला गेलो तर डबा ऐकवू देईना. एका बटणावरून दुसऱ्यावर गेलं की पहिल्यातली जागा विसरतो. मग पुन्हा खुंटी फिरवत बसा.

गायक टी. एम. सौंदरराजन यांचंही तेच. एम. जी. आर. आणि शिवाजी गणेशन, तमिळ पडद्यावरचे दोन मोठे नट, दोघांच्याही तोंडी त्यांचा आवाज, आणि मुरुगनची, म्हणजे कार्तिकेयाची, गाणी म्हणावीत तीही त्यांनीच. शीर्काळी गोविंदराजन यांचा आवाज तर असा, की गणपतीचं गाणं सुरू झालं तर गल्लीतल्या माणसाला माईकशिवाय ऐकू जावं. आमच्या भजनी परंपरेत हा आवाज शोभला असता. काळी चारसारख्या उंच पट्टीत हसत गायला असता माणूस.

आता एम. एस. सुब्बुलक्ष्मी. ‘व्यंकटेश सुप्रभातम्’ची 1963ची ध्वनिमुद्रिका यात आहे आणि केवळ तेवढ्यासाठीसुद्धा हा डबा घेणारे निघतील. सुब्बुलक्ष्मी म्हणजे सोवळ्यातला आवाज अशी आपली समजूत, पण त्या पडद्यावरही होत्या. 1945च्या तमिळ ‘मीरा’मध्ये स्वतः मीरा झाल्या, आणि 1947 साली तोच चित्रपट हिंदीत आला. ‘मीरा’तली तमिळ गाणी डब्यात ‘चित्रपट’खाली आहेत. कृष्णाला आळवणारी मीरा चित्रपटात, आणि सिनेमातून आलेला अय्यप्पन भक्तीत!

सुप्रभातम् बद्दल मात्र खरी, रोजची, डोक्याला ताप देणारी तक्रार. त्याचे चार भाग आहेत: सुप्रभातम्, स्तोत्रम्, प्रपत्ती आणि मंगलाशासनम्. आधी देवाला उठवायचं, मग स्तुती, मग शरण जायचं, शेवटी मंगल चिंतायचं. पंधराव्या शतकातल्या प्रतिवादी भयंकरम् अण्णन् यांनी विचार करून लावलेला क्रम आहे तो. पहिला श्लोक तर थेट वाल्मीकींच्या बालकांडातून घेतलेला, विश्वामित्र रामाला उठवतो तो. डब्यात हे चार भाग चार सुटी गाणी म्हणून भरलेत आणि यंत्राला उलटसुलट वाजवायची खोड. एका सकाळी मंगलाशासन आधी लागलं, मग मुरुगनची गाणी, मग कुणीतरी नादस्वरम् फुंकलं, आणि माझा चहा निवल्यावर ‘कौसल्या सुप्रजा राम’. सौ. चुलीकडून म्हणाली, “देवाचा सगळा आटापला, आणि आता उठयतास त्येका?”

बटण दाबून धरलं की क्रमाने वाजतं, असं माहितीपत्रकात लिहिलंय. वाजतं खरं. पण डबा बंद केला, की पहिले पाढे पंचावन्न. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून किती वेळा जाते ते विचारू नका. बॅटरीवर चालू राहतो, तो गुण आहे, चार-पाच तास निघतात. पण बॅटरी संपून बंद पडला की पुन्हा उलटसुलट.

चित्रपट बटणावरचा माल मात्र अस्सल. 1980चा तेलुगू ‘शंकराभरणम्’ अख्खा आहे. के. व्ही. महादेवन यांचं संगीत, एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि वाणी जयराम यांचे आवाज, दोघांनाही त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार. बालसुब्रह्मण्यम शास्त्रीय शिकलेले नव्हते, आणि गाणी आहेत शास्त्रीय गवयाची. जे बुवा ‘आम्ही शिकलो नाही, आम्हाला जमायचं नाही’ म्हणून रागातली चाल टाळतात त्यांनी हे जरूर ऐकावं. त्यात सदाशिव ब्रह्मेंद्रांचं ‘मानस संचर रे’ आहे. संस्कृत आहे, त्यामुळे आपल्याला शब्दही कळतात.

वाणी जयराम यांचं नाव आलंच आहे, तर ‘दक्षिणेतलं आपल्याला काय कळणार’ म्हणणाऱ्यांना एक सांगतो. वेल्लोरला जन्मलेल्या या बाईंना हिंदीत 1971च्या ‘गुड्डी’तून पुढे आणलं ते वसंत देसाईंनी, आणि वसंत देसाई आमच्या सिंधुदुर्गातले. कुमार गंधर्वांबरोबर ‘ऋणानुबंधाच्या’ म्हणणारा तो स्त्रीचा आवाज वाणीबाईंचाच, संगीत पुन्हा वसंत देसाईंचं. डब्याच्या खुंटीवर वाणीबाईंचा स्वतंत्र कप्पा आहे. मी तिथे बराच वेळ असतो.

चाली शोधणाऱ्याला सगळ्यात जास्त देणारं गाणं मात्र 1985च्या तमिळ ‘सिंधु भैरवी’तलं. संगीतकार इळैयराजांनी संत-रचनाकार त्यागराजांची ‘मरि मरि निन्ने’ ही कृती घेतली. तिचा रूढ राग कांभोजी. यांनी ती सारमती रागात बसवली आणि तिला एक गावरान गाणं असं जोडलं की सांधा दिसत नाही. गायिका चित्रा यांना त्यावर राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शब्द संताचे, चाल आपली, मधे लोकगीताचा सूर: बुवा लोक पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काय करतात? आमच्या वाडीत एक वडीलधारे आहेत, तुकोबांना सिनेमाची चाल लावली की उठून जातात. त्यांना मी हे ऐकवलं. पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, “ह्यो मोठो माणूस. तू मोठो आसस काय?” यावर उत्तर नाही. पण मर्यादा मलाही आहे. ज्या गाण्याचे मूळ शब्द आयाबायांसमोर म्हणता येणार नाहीत त्याची चाल मी घेत नाही, ती मल्याळम असली आणि गावात एकालाही कळत नसली तरी. टायरवाल्याला कळते ना.

त्यागराज राहिले ते तिरुवैयारूला, तंजावरजवळ, आणि तेव्हा तिथे राज्य भोसल्यांचं होतं. सरफोजीराजांनी दरबारात बोलावलं तर गेले नाहीत, ‘निधि चाल सुखमा’ म्हणून नकार गायला, अशी आख्यायिका आहे. नकाराचं राहू द्या. त्याच तंजावरात आपल्याकडचे कीर्तनकार गेले आणि तिथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग मुरले. डब्यात हरिकथेचा एकही तुकडा नाही. मराठी माणसाला सगळ्यात जवळचं जे असतं तेच नेमकं वगळलंय.

कन्नडचंही तसंच दुर्लक्ष. तमिळ पोटभर, तेलुगू बऱ्यापैकी, मल्याळम ठीक, कन्नड चवीपुरतं. राजकुमार आहेत, तेही शंभर नंबरी: नट म्हणून देव मानलेला माणूस, आणि 1992च्या ‘जीवन चैत्र’मधल्या ‘नादमय’साठी राष्ट्रीय पुरस्कार घेतला तो गायक म्हणून. पण दासरपदं, म्हणजे कन्नड हरिदासांची भक्तिपदं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पुरंदरदासांची नाममुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’. कर्नाटक संगीताचे पितामह म्हणतात त्यांना, आणि प्रत्येक पदाच्या शेवटी आपला विठोबा उभा. कोकणातल्या भजनाला यापेक्षा सरळ वाट कुठली? कर्नाटकाची हद्द आमच्याहून लांबही नाही. रेल्वेने मूकांबिका रोड बैंदूरला उतरलं की कोल्लूर जवळ, जिथे येसुदास अनेक वर्षं आपल्या वाढदिवसाला, 10 जानेवारीला, देवीसमोर गात आले.

बुवांसाठी दोन सूचना. पहिली पखवाजवाल्याला सांगा. दक्षिणेचा आदि ताल आठ मात्रांचा, आपल्या भजनी ठेक्यावर बिनतक्रार बसतो. पण त्यांचा रूपक सहाचा, आपला सातचा. आमच्या पखवाजवाल्याला मी नुसतंच रूपक म्हणालो, तर चार ओळी वाजवून हात थांबवला त्याने. “बुवानू, रूपक म्हणतास आणि सातवी मात्रा खंय गेली?” सातच हवे असतील तर मिश्र चापू शोधा, तीन आणि चार. तो आपल्या रूपकाला जवळ जातो.

दुसरी पेटीवाल्यांसाठी. मोहनम् म्हणजे भूप, कल्याणी म्हणजे यमन, हिंदोलम् म्हणजे मालकंस (आपला हिंदोल नव्हे), शुद्ध सावेरी म्हणजे दुर्गा. एवढं पाठ केलंत की निम्मा डबा तुमचा. पण तोडीच्या नादी लागू नका. त्यांच्या तोडीचे सूर आपल्या भैरवीचे, म्हणून हात शिवशिवतात. पण तिचा गंधार जागेवर उभा राहतच नाही, सतत हलतो, आणि पेटीची पट्टी तर एका जागी खिळलेली. गळ्याने म्हणा, पेटीला गप्प बसवा.

आवाजाचं म्हणाल तर वरचा भाग चांगला. व्हायोलिन, वीणा, बायकांचे आवाज स्वच्छ येतात. नादस्वरम् जरा जास्तच स्वच्छ, माजघरात लावलं तर पडवीतला कुत्रा उठतो. खालचा भाग मात्र कमजोर. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, आपण कणीक लावतो, मृदंगम् च्या डाव्या तोंडाला ते रव्याचा लगदा लावतात. त्या रव्याचा जो घुमारा आहे तो या डब्यातून येतच नाही, नुसती उजव्या हाताची टकटक ऐकू येते. ब्लूटूथने मंडळाच्या मोठ्या स्पीकरला जोडता येईल असं वाटलं होतं, पण यातलं ब्लूटूथ फक्त आत घेतं, बाहेर देत नाही. मागे हेडफोनचं भोक आहे, तिथून वायर काढून मोठ्या स्पीकरला दिली तेव्हा घुमारा सापडला. म्हणजे मुद्रण चांगलं आहे, डब्याचा घसा लहान आहे.

छोट्या पडद्यावर गाण्याचं नाव रोमन अक्षरांत सरकतं, तेही अर्ध्यावर तुटून. संगीतकाराचं नाव नाही, रागाचं नाव नाही, चित्रपटाचं साल नाही. सोबत जाड छापील यादी येते, तीही रोमन लिपीत. चाळिशीचा चष्मा आणि कंदिलाचा उजेड यांची गाठ पडली की ती यादी म्हणजे शिक्षा. निदान राग तरी छापायचे होते. दक्षिणेत मैफलीला येणारा साधा श्रोतासुद्धा राग ओळखायला टपलेला असतो, असं तिकडे राहून आलेले सांगतात.

खाऱ्या वाऱ्याने एरियलच्या सांध्यावर गंज धरला. मी खोबरेल लावतो. चार्जिंगचं तोंड सैल झालं तेव्हा दुकानदाराने वॉरंटीसाठी डबा मुंबईला पाठवावा लागेल म्हणून सांगितलं, आणि चतुर्थी तोंडावर आलेली. गावातल्या मोबाईलवाल्या पोराने तिथल्या तिथे टाका मारून दिला, चहाचे पैसेही घेतले नाहीत. त्याला घरी आरतीला बोलावलंय.

मंडळांनी एकेक घ्यायची गरज नाही, पंचक्रोशीत एक पुरे. घरात वयस्क माणूस असेल आणि त्याला फक्त सुप्रभातम् हवं असेल तर पैसे घालवू नका, चार भाग क्रमाने एका पेन ड्राइव्हवर घेऊन साध्या स्पीकरला लावा. पण चाली बांधणारा असाल, रोमन यादीशी झगडायची तयारी असेल, तर घ्या. आणि घेतलात की ती दोन बटणं विसरून कलाकाराची खुंटी फिरवा. वाणीबाईंपासून सुरुवात करा.

येत्या चतुर्थीनंतर आमची बारी ठरली आहे. गवळणीला एक तमिळ चाल बसवली आहे, बहुतेक 1970च्या आसपासची, कडव्याच्या शेवटी अशी वळते की कोरस अजून दोनदा अडखळतो. गाण्याचं नाव इथे लिहिणार नाही. समोरचा बुवाही मोबाईल वाचतो, आणि त्याच्या मुलीने दिवाळीत त्याला हाच डबा आणून दिलाय.